फोनो प्रीअ‍ॅम्पमधील हम आणि हिस: पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या आवाजाचा माग

सुई तबकडीवरून उचललेली आहे, आवाजाचे बटण रोजच्या जागी आहे, आणि तरीही स्पीकरमधून सलग 'घूं' असा आवाज, म्हणजे हम, येत राहतो. चिप बदलली, वायर बदलली की तो दोन दिवस कमी झाल्यासारखा वाटतो आणि आठवड्याभरात परत येतो. स्वतःच्या हाताने टर्नटेबलचा क्षीण संदेश वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प बांधणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येते. माझ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये मी तीन वेळा चिप बदलली, सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नवे घातले आणि ट्रान्सफॉर्मरही मोठा आणला. दोष मात्र यांपैकी कशातच नव्हता. भाग बदलण्याआधी आवाज नेमका कोणत्या टप्प्यावर आत शिरतो हे ठरवले असते, तर एका संध्याकाळीच काम झाले असते. ते कसे ठरवावे, हेच येथे लिहीत आहे.

प्रथम आकडे पाहू, कारण या सर्किटचा सगळा नाजूकपणा त्यांत आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या कंपनाने हलणाऱ्या चुंबकातून वीज निर्माण करणारा भाग) १ किलोहर्ट्झला साधारण ३ ते ५ मिलीव्होल्ट देते. त्याला लाइन पातळीवर (टेप किंवा सीडीच्या संदेशाइतके) आणण्यासाठी आपण ४० डेसिबल, म्हणजे १०० पट वाढवतो. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, म्हणून ऐकताना त्याच्या उलट करावे लागते. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन कालांकांवर उभी असलेली आरआयएए ही रेकॉर्डसाठीची प्रमाणित वक्ररेषा हेच करते. या वक्ररेषेमुळे ५० हर्ट्झला आणखी सुमारे १७ डेसिबल मिळतात आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची आहे. म्हणजे विजेच्या कंपनासाठी आपले सर्किट १०० पट नव्हे, तर सुमारे ७०० पट वाढवणारे असते. इनपुटच्या वायरीत केवळ १० मायक्रोव्होल्टचा हम शिरला, तरी बाहेर ७ मिलीव्होल्ट निघतात. संगीत ४०० मिलीव्होल्टच्या आसपास असताना हे अंतर फक्त ३५ डेसिबलचे उरते आणि शांत आलापात ते स्पष्ट ऐकू येते. टेप किंवा सीडीच्या इनपुटवर हेच १० मायक्रोव्होल्ट कोणाच्या लक्षातही आले नसते.

आता आवाज कानाने ओळखावा. मऊ, खोल आणि गोल असा ५० हर्ट्झचा आवाज बहुधा चुंबकीय क्षेत्रातून किंवा ग्राउंडच्या वेढ्यातून (ग्राउंडच्या तारा दोन वाटांनी जोडल्या जाऊन बनलेल्या बंद वळशातून) येतो. त्याहून वरचा, धार असलेला, भुंग्यासारखा १०० हर्ट्झचा आवाज रेक्टिफायरच्या बाजूने येतो, कारण पूर्ण तरंगाचा रेक्टिफायर सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरतो. सळसळ किंवा पावसाच्या सरीसारखा अखंड आवाज म्हणजे हिस. त्याचे कारण, आणि म्हणून त्याचा इलाजही, पूर्णपणे वेगळा आहे. मोबाइल जवळ ठेवल्यावर येणारी तुटक 'टर्रर्र' ही जीएसएम फोनच्या २१७ हर्ट्झच्या ठोक्यांची असते. इनपुट सॉकेटजवळ फेराइट मणी आणि ग्राउंडकडे १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला की ती बहुधा जाते. कानावर भरवसा नसेल तर प्रीअ‍ॅम्पचे आउटपुट लॅपटॉपच्या साउंडकार्डला जोडून स्पेक्ट्रम पाहावा, पण त्या वेळी लॅपटॉप बॅटरीवरच चालवावा. चार्जर जोडलेला असेल तर तो स्वतःचाच नवा वेढा तयार करतो आणि आपण नसलेल्या दोषाच्या मागे लागतो.

हम कोणत्या टप्प्यावर शिरतो

दोन जुने आरसीए प्लग घेऊन त्यांचा मधला खिळा आणि बाहेरचा कडा एका लहान तारेने सोल्डर करावा. हे शॉर्टिंग प्लग या सगळ्या तपासातले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. आवाज पूर्ण कमी करून ते प्रीअ‍ॅम्पच्या दोन्ही इनपुटमध्ये बसवावेत, मग आवाज रोजच्या पातळीवर आणावा. हम तसाच राहिला तर दोष डब्याच्या आत आहे, किंवा प्रीअ‍ॅम्प आणि मुख्य अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये आहे. हेच प्लग अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला लावले की या दोहोंतले कोणते ते कळते. हम गेला तर डबा निर्दोष आहे आणि शोध टर्नटेबलकडे न्यायचा आहे. एवढ्या एका चाचणीने अर्धे घर तपासून होते, आणि तरीही बहुतेक जण ती न करता थेट सोल्डरिंग आयर्न हातात घेतात.

हम डब्याच्या आत असेल तर पुढची पायरी म्हणजे ट्रान्सफॉर्मर बंद करून सर्किट दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालवणे. एनई ५५३४ जातीची चिप ±९ व्होल्टवर व्यवस्थित चालते आणि तपासापुरत्या या बॅटऱ्या सहज टिकतात. बॅटरीवर हम नाहीसा झाला तर दोषी वीजपुरवठा आहे असे आपण म्हणतो, पण या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपतात. एक म्हणजे डीसीवर उरलेली लहर आणि दुसरी म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र. ७८१५ आणि ७९१५ किंवा एलएम ३१७ आणि ३३७ हे रेग्युलेटर नीट बसवले असतील, तर पहिली गोष्ट क्वचितच कारण असते, कारण ऑप-अ‍ॅम्प स्वतःही पुरवठ्यातली लहर चांगलीच दाबतो. अनुभव असा की मोठमोठे कपॅसिटर वाढवत जाणारे लोक नसलेल्या रोगावर औषध देत असतात. उलट कपॅसिटर जितका मोठा, तितके त्याला भरणारे विजेचे ठोके अरुंद आणि उंच होतात, आणि ते चुकीच्या वायरीतून गेले तर भुंगा वाढतो.

त्या ठोक्यांची वाट हाच खरा मुद्दा आहे. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि दोन्ही मोठ्या कपॅसिटरचा सामाईक बिंदू यांच्यामधल्या तारेतून सरासरी करंटच्या कितीतरी पट उंचीचे ठोके सेकंदाला १०० वेळा जातात. सर्किटचे ग्राउंड या तारेवर कुठेही जोडले, तर त्या ठोक्यांनी तारेत पडणारा व्होल्टेजचा फरक थेट संदेशात मिसळतो. म्हणून कपॅसिटरच्या सामाईक बिंदूपासून एक वेगळी आखूड तार काढावी आणि तिच्या टोकाला स्वच्छ ग्राउंड मानून रेग्युलेटर व सर्किट तेथून सुरू करावे. कागदावर दोन्ही जोडण्या सारख्याच दिसतात. ऐकताना मात्र फरक स्पष्ट कळतो.

चुंबकीय क्षेत्राची चाचणी याहून सोपी आहे. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडवून, विजेच्या बाजूच्या जोडण्यांना नीट इन्सुलेशन आहे याची खात्री करून, तो वायरीच्या लांबीपर्यंत दूर न्यावा आणि हळूहळू फिरवून पाहावा. हम कोनाप्रमाणे कमी-जास्त झाला तर कारण सापडले. अ‍ॅल्युमिनियमचा डबा ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ अडवत नाही. पोलादी पत्रा थोडे अडवतो, पण अंतराइतका प्रभावी उपाय दुसरा नाही. अशा क्षेत्राचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे अंतर दुप्पट केले की तो एक अष्टमांश होतो. माझे ठाम मत असे की फोनो प्रीअ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यातच असावा आणि तो मीटरभराच्या केबलने जोडावा. ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल असला तरी हेच लागू आहे.

माझ्या डब्यातला दोष या दोन्हींपैकी नव्हता. इनपुटचे आरसीए सॉकेट थेट धातूच्या पाठीवर कसलेले होते, त्यामुळे त्यांचा ग्राउंड चासीला (धातूच्या डब्याला) तिथेच जोडला गेला होता. शिवाय त्याच ग्राउंडची एक तार सर्किट बोर्डावरून पुरवठ्याच्या तारेकडे आणि तेथून पुन्हा चासीला जात होती. अशा रीतीने डब्याच्या आतच एक मोठा बंद वेढा तयार झाला होता आणि ट्रान्सफॉर्मर बरोबर त्याच्या मध्यावर बसला होता. सॉकेट प्लॅस्टिकच्या वॉशरने चासीपासून वेगळे केले आणि सर्किट ग्राउंड व चासी यांची भेट इनपुटजवळ एकाच जागी ठेवली. त्याच क्षणी हम गेला आणि त्यानंतर तीन वर्षांत डब्याच्या आतून तो परत आलेला नाही.

डबा शांत, टर्नटेबल जोडताच हम

येथे प्रथम डावा आणि उजवा प्लग अदलाबदल करून पाहावा. हम एकाच बाजूला असेल आणि प्लग बदलताच दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर तुटका धागा टर्नटेबलच्या बाजूला आहे. हेडशेलमधील, म्हणजे टोनआर्मच्या (सुईच्या हाताच्या) टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागातील, चार तारांचे रंग जवळजवळ सर्वत्र सारखे असतात: पांढरा डावा, निळा डाव्याचा ग्राउंड, लाल उजवा आणि हिरवा उजव्याचा ग्राउंड. निळी किंवा हिरवी तार सैल असेल तर त्या बाजूचा आवाज बारीक होतो आणि हम मोठा होतो. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. काही कार्ट्रिजांमध्ये धातूचे कवच एका बाजूच्या ग्राउंडला छोट्या पट्टीने जोडलेले असते. धातूच्या हेडशेलमधून ते टोनआर्मलाही जोडले गेले, तर टोनआर्मच्या वेगळ्या ग्राउंड तारेबरोबर वेढा बंद होतो, आणि मग ती तार लावली की हम वाढतो असा उलटा अनुभव येतो. अशा वेळी ग्राउंडची तार कायमची काढून ठेवण्यापेक्षा कार्ट्रिजवरची पट्टी काढणे योग्य.

टर्नटेबलची मोटर बंद ठेवून, मग सुरू करून, आणि शेवटी टर्नटेबलची वीजच काढून, असे तीन वेळा ऐकावे. मोटर सुरू असताना टोनआर्म हाताने अलगद तबकडीच्या मध्याकडे नेला आणि हम वाढत गेला, तर कार्ट्रिज मोटरचे किंवा टर्नटेबलमधल्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र पकडत आहे. ज्या कार्ट्रिजच्या वेटोळ्यांभोवती चुंबकीय कवच नाही, तिथे हे जास्त घडते. प्रीअ‍ॅम्पमध्ये याचा काहीही इलाज नाही, कितीही उत्तम चिप घातली तरी नाही.

टर्नटेबलची वीज काढूनही हम राहिला, तर घरातल्या वायरिंगकडे वळावे. डीटीएचची छत्री, सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना जोडलेले असतील, तर गच्चीवरून येणारी कोअ‍ॅक्सियल केबल दुसऱ्या वाटेने अर्थिंग घरात आणते. ती केबल सेट-टॉप बॉक्समधून एक मिनिट काढून ऐकावे. हम गेला तर त्या केबलवर आयसोलेटर बसवावा. केबलच्या २० मिलीओहमच्या जाळीतून अर्धा मिलीअ‍ॅम्पिअर जरी वाहिला, तरी वर सांगितलेले १० मायक्रोव्होल्ट तयार होतात. म्हणजे वेढ्यात फार मोठा करंट असावाच लागतो असे नाही.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत अनेक सॉकेटना अर्थिंगच नसते आणि तेथे याच्या उलट अडचण येते. स्विचिंग अ‍ॅडॉप्टरमधल्या लहान कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट आउटपुटच्या ग्राउंडवर गळतो, चासीला टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो आणि हात लावल्यावर हलकी झिणझिणी येते. डब्याला हात लावल्यावर हम कमी होत असेल तर हेच कारण समजावे आणि सिस्टिममधल्या एका जागी, शक्यतो अ‍ॅम्प्लिफायरला, खरे अर्थिंग मिळवून द्यावे. याउलट दोन उपकरणांना अर्थिंग असल्यामुळे वेढा पडला असेल, तर प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो कृपया कधीही मानू नये. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले तर त्या दिवशी २३० व्होल्ट थेट डब्यावर येतील. चासी नेहमी अर्थिंगला घट्ट जोडलेली ठेवावी आणि सर्किटचे ग्राउंड चासीला १० ओहमच्या रेझिस्टरमधून, त्याला समांतर उलटसुलट जोडलेल्या दोन दणकट डायोडसह, जोडावे. वेढ्यातला लहान करंट रेझिस्टर रोखतो, आणि दोष झालाच तर मोठ्या करंटला डायोड वाट देतात.

हिस: सर्वांत शांत चिप सर्वांत शांत का ठरत नाही

येथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण चांगले वाचन असलेले लोकही याच ठिकाणी फसतात. माझा हम गेल्यावर शॉर्टिंग प्लग लावून स्पीकरला कान लावला तर जवळजवळ शांतता होती. कार्ट्रिज जोडताच मात्र सळसळ पुष्कळ वाढली. मी एलएम ४५६२ वापरली होती, जिचा व्होल्टेज नॉइज केवळ २.७ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ आहे. कागदावर ती ३.५ नॅनोव्होल्टच्या एनई ५५३४ए पेक्षा चांगली दिसते. पण ऑप-अ‍ॅम्पला करंट नॉइजही असतो, आणि तो समोर असलेल्या इम्पीडन्समधून (एसीला होणाऱ्या रोधातून) वाहिला की त्याचे व्होल्टेज होते. शॉर्टिंग प्लगचा इम्पीडन्स शून्य असल्यामुळे ही बाजू त्या चाचणीत पूर्ण लपते. हमच्या शोधात विश्वासू असलेला हा प्लग हिसच्या शोधात दिशाभूल करतो.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा डीसी रोध पाचशे ते दीड हजार ओहम असला, तरी इंडक्टन्स ४०० ते ७०० मिलीहेन्री असतो. ५०० मिलीहेन्रीचा इम्पीडन्स १० किलोहर्ट्झला सुमारे ३१ किलोओहम होतो आणि ४७ किलोओहमच्या लोडबरोबर समांतर धरला तर सुमारे २६ किलोओहम उरतो. एलएम ४५६२ चा करंट नॉइज १.६ पिकोअ‍ॅम्पिअर आहे; त्याला २६ किलोओहमने गुणले की जवळजवळ ४२ नॅनोव्होल्ट होतात. एनई ५५३४ए चा सुमारे ०.४ पिकोअ‍ॅम्पिअर धरला तर केवळ १० नॅनोव्होल्ट होतात. त्याच जागी ४७ किलोओहमच्या रेझिस्टरचा स्वतःचा औष्णिक नॉइज सुमारे १५ नॅनोव्होल्ट पडतो, म्हणजे ५५३४ए आधीच रेझिस्टरच्या खाली आहे आणि ४५६२ त्याच्या बरीच वर. ओपीए १६४२ सारख्या जेएफईटी चिपचा व्होल्टेज नॉइज ५.१ नॅनोव्होल्ट असूनही करंट नॉइज नगण्य असल्यामुळे ती येथे अतिशय शोभते. एडी ७९७ ही ०.९ नॅनोव्होल्टची महागडी चिप मात्र तिच्या २ पिकोअ‍ॅम्पिअरमुळे मूव्हिंग मॅग्नेटसाठी या सगळ्यांत वाईट ठरते. तीच एडी ७९७ मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसाठी (ज्यात चुंबकाऐवजी वेटोळे हलते) उत्तम: डेनॉन डीएल-१०३ चा रोध ४० ओहम आहे, त्याचा औष्णिक नॉइज सुमारे ०.८ नॅनोव्होल्ट, आणि तेथे करंट नॉइजला वाढायला जागाच नाही. चिप चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. समोर कोणते कार्ट्रिज आहे हे आधी विचारावे लागते.

मी सॉकेटमध्ये ५५३४ए बसवली आणि कार्ट्रिज जोडलेले असतानाची सळसळ निम्म्याहून कमी झाल्याचे जाणवले. एलएम ४५६२ मध्ये दोन ऑप-अ‍ॅम्प असतात आणि ५५३४ मध्ये एकच, त्यामुळे बोर्डावर थोडी तोडजोड करावी लागली. हा बदल करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: ५५३४ तीनपेक्षा कमी गेनवर (वाढीच्या पटीवर) स्वतःहून स्थिर नसते आणि आरआयएए सर्किटचा गेन श्राव्य पट्ट्याच्या पलीकडे तेथवर उतरतो. पाचव्या आणि आठव्या पायांमध्ये २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर नसेल तर ती ऐकू न येणाऱ्या कंपनात जाऊ शकते, गरम होते, आणि वरकरणी हिस वाढल्यासारखेच वाटते.

चिप योग्य असूनही हिस असेल तर फीडबॅकच्या जाळ्यातला ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर पाहावा. तो इनपुटशी जणू मालिकेतच असतो: २२० ओहमला सुमारे २ नॅनोव्होल्ट, १ किलोओहमला ४ आणि २.२ किलोओहमला ६. अनेक जुन्या आराखड्यांत कपॅसिटर लहान राहावेत म्हणून हा रेझिस्टर मोठा ठेवलेला दिसतो. २२० ओहम ठेवला तर त्याच्या मालिकेतला कपॅसिटरही २२० मायक्रोफॅरडचा असावा, म्हणजे खालची मर्यादा ३.३ हर्ट्झवर राहते. इनपुटजवळचे सगळे रेझिस्टर मेटल फिल्मचे असावेत.

वरचे स्वर कर्कश झाल्यामुळे हिस जास्त वाटत असेल, तर केबलची कपॅसिटन्स मोजावी. ५०० मिलीहेन्री आणि ३०० पिकोफॅरड यांचा अनुनाद १३ किलोहर्ट्झवर येतो, नेमका जिथे कान तो पकडतो; १५० पिकोफॅरडला तो १८ किलोहर्ट्झच्या वर जातो. केबल आखूड करणे हा हिस आणि हम दोन्हींवर एकाच वेळी लागू पडणारा दुर्मीळ उपाय आहे.

कुठे थांबावे हेही ठरवता येते. सुई तबकडीच्या सुरुवातीच्या रिकाम्या खोबणीत टेकवावी. खोबणीच्या घर्षणाचा आवाज सर्किटच्या हिसला पूर्ण झाकत असेल तर आणखी चिप बदलून ऐकण्यात काहीही भर पडत नाही. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या जुन्या नाट्यगीतांच्या माझ्या तबकड्यांवर ही चाचणी पहिल्या सेकंदालाच संपते.

पावसाळ्यातला हम

डबा, केबल आणि चिप सगळे ठीक झाल्यावरही दर जुलैमध्ये एका बाजूला हम परत येत होता आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप जात होता. ओलसर हवेत आरसीए प्लगचा बाहेरचा कडा, हेडशेलचे चार खिळे आणि कार्ट्रिजच्या मागचे बारीक क्लिप यांच्यावर काळपट थर येतो. ग्राउंडच्या जोडणीचा रोध थोडासा वाढला, तरी ७०० पट वाढवणाऱ्या सर्किटला तेवढे पुरते. कोकणात आणि मुंबईत हे पुण्यापेक्षाही लवकर होत असावे. हेडशेल काढून खिळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, कार्ट्रिजचे क्लिप चिमट्याने एकदा मागे-पुढे सरकवावेत, क्लिप सैल असेल तर दातकोरणीवर बसवून अलगद दाबावा, आणि आरसीए प्लग सॉकेटमध्ये चार-पाच वेळा फिरवून बसवावेत. कार्ट्रिजच्या पायांना सोल्डर मात्र कधीही लावू नये. उष्णतेने आतली केसाएवढी तार तुटते. मी आता हे जूनच्या पहिल्या आठवड्यात करतो, हेडशेल वापरात नसताना सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवतो, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत डाव्या स्पीकरला कान लावूनही हम ऐकू आलेला नाही.